सूक्ष्मजीवशास्त्र विभाग, धाराशिव उपपरिसर

सूक्ष्मजीवशास्त्र विभाग हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) येथील उपपरिसरातील पदव्युत्तर विभाग आहे. विद्यापीठाची स्थापना १९५८ मध्ये झाली असून मुख्यालय छत्रपती संभाजीनगर येथे आहे. धाराशिवचा उपपरिसर २००४ मध्ये सुरू झाला. त्यामुळे या अवर्षणप्रवण जिल्ह्यातील विज्ञान पदवीधरांना, विशेषतः घरापासून दूर राहण्याचा खर्च न पेलणाऱ्यांना, जवळच एम.एस्सी. करण्याची सोय झाली.

शिक्षण व संशोधन

सूक्ष्मजीवांचे विलगीकरण, संवर्धन आणि ग्रॅम अभिरंजन ही या विषयाची पायाभूत प्रात्यक्षिके होत. संशोधनाचे विषय परिसरातच उपलब्ध आहेत. उदाहरणार्थ, जिल्ह्यातील प्रमुख खरीप पीक असलेल्या सोयाबीनच्या मूळगाठींतील ब्रॅडिरायझोबियम जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. सहायक प्राध्यापकपदासाठी पदव्युत्तर पदवीधारकांना नेट किंवा सेट परीक्षा जीवविज्ञान विषयातून देता येते.