उत्तरायण : आकाशातले आणि मनातले

मकरसंक्रांतीच्या दिवशी सूर्य उत्तरेकडे वळतो, ही गोष्ट आपल्याकडे लहान मुलालाही पाठ असते. आणि ती खरी नाही. सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१ किंवा २२ डिसेंबरला. संक्रांत येते १४ किंवा १५ जानेवारीला. आपण तिळगूळ वाटतो त्या वेळी उत्तरायण लागून तीन आठवड्यांहून अधिक दिवस लोटलेले असतात. हा फरक पडला कसा, आणि तो इतकी वर्षे आपल्याला टोचला का नाही, हा आजचा विषय आहे. यातला पहिला प्रश्न गणिताचा आहे. दुसरा मनाचा आहे.

आरंभ वेदकाळापासून करू. कौषीतकी ब्राह्मणात सूर्य सहा महिने उत्तरेस जातो, थांबतो, सहा महिने दक्षिणेस जातो आणि पुन्हा थांबतो, असे वर्णन आहे. हा थांबण्याचा उल्लेख फार मोलाचा आहे. अयनाच्या सुमारास क्षितिजावरील उगवतीची जागा काही दिवस हलेनाशी होते, हे रोज पाहणाऱ्यालाच कळते. वेदांगज्योतिषात उत्तरायणाचा आरंभ धनिष्ठा नक्षत्राच्या आरंभी सांगितला आहे. मोठ्यात मोठा दिवस अठरा मुहूर्तांचा आणि लहानात लहान बारा मुहूर्तांचा, असे मानही तेथे दिले आहे. घटिकापात्रातील पाण्यावर दिवस मोजणारी ही माणसे होती.

परंतु माणूस आकाशाकडे केवळ मोजण्यासाठी पाहत नाही. तो काही मागण्यासाठीही पाहतो. दिवस लहान होत चालला की मनात भीती शिरते, आणि तो पुन्हा वाढू लागला की आशा पालवते. म्हणून उत्तरायण हा देवांचा दिवस ठरला, दक्षिणायन ही त्यांची रात्र ठरली. या भावनेचे सर्वांत भव्य चित्र महाभारतात आहे. भीष्म दहाव्या दिवशी पडले. इच्छामरणाचा वर असल्यामुळे ते शरशय्येवर उत्तरायणाची वाट पाहत राहिले. अनुशासनपर्वात या अठ्ठावन्न रात्रींचा उल्लेख आहे. ज्याच्या इच्छेपुढे मृत्यूही थांबतो, त्याची इच्छा सूर्यासाठी थांबली, ही कल्पना आपल्या लोकमानसात इतकी खोल रुजली की घरातील वृद्धाला उत्तरायणात मरण यावे असे आजही कित्येकांना वाटते.

आता आमच्या जुन्या विचारवंतांनी या भावनेचे काय केले ते पाहा. दक्षिणायनात देह पडला तरी ज्ञानी पुरुषाच्या फलात उणेपणा येत नाही, असे ब्रह्मसूत्रांनी स्वच्छ सांगितले. मग भीष्म का थांबले? यावर शंकराचार्यांचे उत्तर असे की, लोकांतील आचार पाळावा आणि पित्याच्या प्रसादाने मिळालेले इच्छामरण जगाला दिसावे, एवढ्यासाठीच. ज्ञानेश्वरांनीही शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, गीतेच्या आठव्या अध्यायावर बोलताना, जो देहातच ब्रह्मरूप झाला त्याला देह केव्हा जातो याची फिकीर नाही, हाच आशय मांडला. भावनेचा अवमान न करता तिला तिच्या जागी बसवण्याची ही रीत होती.

ज्योतिषात हीच शिस्त वराहमिहिराने दाखवली. त्याचा काळ इसवी सनाचे सहावे शतक. पंचसिद्धांतिकेतील गणिताचा आरंभ शके ४२७, म्हणजे इ. स. ५०५, हा आहे. बृहत्संहितेत तो म्हणतो की, पूर्वशास्त्रांत उत्तरायण धनिष्ठेच्या आरंभी सांगितले आहे, त्या अर्थी एके काळी ते तसे असेलच; पण आज ते मकराच्या आरंभी होते. आणि यात अंतर पडले तर काय करावे? पोथी उघडा, असे तो सांगत नाही. उदयास्ताच्या वेळी सूर्य दूरच्या कोणत्या खुणेपाशी दिसतो ते पाहा, किंवा मोठे वर्तुळ आखून शंकूची छाया त्यात कोठून शिरते व कोठून बाहेर पडते त्याच्या खुणा करा, असे तो सांगतो. सुमारे पंधराशे वर्षांपूर्वीचा हा उपदेश आहे.

गंमत अशी की, त्याच अध्यायात लागलीच फलेही दिली आहेत. मकरापर्यंत न पोचताच सूर्य मागे फिरला तर तो पश्चिम आणि दक्षिण दिशांचा नाश करतो, असे एक फल आहे. आज आपल्या निरयन पंचांगाप्रमाणे सूर्य धनु राशीत, मूळ नक्षत्रात असतानाच मागे फिरतो. मकरापर्यंत तो पोचलेला नसतो. शेकडो वर्षे हे दरसाल चालले आहे. फल अक्षरशः घेतले तर पश्चिमेचा व दक्षिणेचा एव्हाना मागमूसही उरला नसता. आपण आहोत, सुखरूप आहोत, व्याख्याने ऐकत आहोत!

हे होण्याचे कारण अयनचलन. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा फार सावकाश डोलतो, त्यामुळे अयनबिंदू ताऱ्यांमधून दरवर्षी सुमारे ५० विकला मागे सरकतो. बहात्तर वर्षांत एक अंश, आणि पूर्ण फेऱ्याला सुमारे २५,८०० वर्षे. वराहमिहिराच्या काळी संक्रांत आणि उत्तरायण जवळजवळ एकत्र होती; तेव्हापासून ती बहात्तर वर्षांस सुमारे एक दिवस या मानाने दुरावत गेली.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा खल पुष्कळ झाला. केरोपंत छत्रे यांनी शके १७८७ मध्ये, म्हणजे १८६५ मध्ये, वेधाशी जुळणारे पटवर्धनी पंचांग सुरू केले. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी सायन पंचांगाचा पुरस्कार केला. त्यात संक्रांत डिसेंबरातच येते. दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. केरोपंतांच्या मार्गाने जाणाऱ्या टिळक पंचांगाची संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास पडते. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांगसुधारणा समिती नेमली गेली, आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. तिच्यात पौषाचा पहिला दिवस २२ डिसेंबर हा आहे. एवढे होऊनही घराघरांतली संक्रांत जागची हलली नाही.

ती का हलली नाही? कारण सण इच्छेवर उभा असतो, आणि इच्छेला तारखेपेक्षा खूण हवी असते. आमच्याकडे २१ डिसेंबर ते १४ जानेवारी या अवधीत दिवस जेमतेम सात मिनिटांनी वाढतो. शिवाय सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत जातो. पहाटेचा अंधार त्यानंतर मागे हटू लागतो. ‘तिळातिळाने दिवस वाढतो’ हे जे आपण म्हणतो ते डोळ्यांना जाणवू लागते संक्रांतीनंतरच. लोकांचा अनुभव अगदीच निराधार नाही.

मात्र खुणेची हीच भूक पुढे कोठे नेते पाहा. पंचांगातली संक्रांत ही एक देवी असते. तिला वाहन असते, वस्त्र असते, शस्त्र असते. ती ज्या वस्तू घेते त्या महागतात, ज्या दिशेला जाते तिकडे दुःख होते. वाहन ठरते कशावरून? त्या वेळी चालू असलेल्या करणावरून : बव असेल तर सिंह, बालव असेल तर वाघ. हे कोष्टक आहे. बाजारभावाशी त्याचा संबंध कोणी तपासलेला नाही.

दिवसा आकाशात जे शोधायचे तेच माणूस रात्री स्वप्नात शोधतो. पहाटेचे स्वप्न लौकर फळते, ही समजूत आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. पण आमच्या वैद्यांचे म्हणणे ऐका. चरकसंहितेत स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत : पाहिलेले, ऐकलेले, अनुभवलेले, इच्छिलेले, कल्पिलेले, भावी सुचवणारे आणि दोषांपासून उपजलेले. यांपैकी पहिली पाच निष्फळ समजावीत, असा स्पष्ट निर्णय तेथे दिला आहे. इच्छिलेले स्वप्न त्या पाचांत आहे! भावी सुचवणारे स्वप्न चरकाने मानले, हे खरे. पण जे आपल्याला हवे होते तेच स्वप्नात दिसले तर ती आपली इच्छाच, भविष्याची वार्ता नव्हे, हा विवेक त्याने सोडला नाही.

भीतीलाही हाच विवेक लागू आहे. पानिपतचा संहार १४ जानेवारी १७६१ रोजी झाला, आणि ‘मराठ्यांवर संक्रांत कोसळली’ असे आपण म्हणत आलो. गणित केले तर त्या काळी संक्रांत १० जानेवारीच्या आसपास पडत होती. ती युद्धापूर्वीच होऊन गेली होती. भाऊसाहेबांच्या छावणीची रसद तुटली होती, माणसे आणि जनावरे उपाशी होती. या कारणांकडे पाहणे जड जाते, म्हणून दिवसाला दोष देणे सोपे वाटते. पण ज्या राष्ट्राने पराभवाचे कारण तिथीत शोधले, त्याला रसदीचा धडा शिकता येत नाही.

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच की, पूर्वजांकडून आपण फले घेतली आणि कसोटी टाकली. तिळगूळ जरूर वाटावा. गोड बोलण्याची इच्छा धरायला कोणत्याही गणिताची आडकाठी नाही. पण येत्या मार्गशीर्ष-पौषात घराच्या गच्चीवरून सूर्य कोणत्या झाडामागून, कोणत्या डोंगराच्या कडेवरून उगवतो, याची खूण महिनाभर रोज करून ठेवावी. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ती खूण थांबेल, आणि मग उत्तरेकडे सरकू लागेल. वराहमिहिराने सांगितलेले काम तेवढेच आहे, आणि ते शाळेतले मूलही करू शकते.