रोल मोठा की ठेका?

सोळा वर्षं ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवले. गणपतीचे दहा दिवस, लग्नाचे हॉल, गिरणगावातले वाढदिवस, काही सोडलं नाही. टाळ्या एकदाच मिळायच्या. निवेदक माझं नाव पुकारायचा आणि मी दोन मिनिटं समोर दिसेल ते बडवून काढायचो, तेव्हा. उरलेले साडेतीन तास गाणी ज्या ठेक्यावर उभी असत, त्याच्याकडे कोणाचं लक्ष नसे. आमचा तबलजी मित्र अजून टोमणा मारतो, "आमच्यात साथीवरून माणूस ओळखतात, तुमच्यात गोंगाटावरून." रॉकचे चाहते महान ड्रमरच्या याद्या करायला बसले की त्याचं म्हणणं खरंही वाटतं. पण रॉकचा इतिहास त्याच्या बाजूने नाही.

ड्रमसेट हे मुळात एका माणसाचं वाद्यच नव्हे. पथकात बास ड्रमवाला वेगळा, स्नेअरवाला वेगळा, झांजवाला वेगळा, आपल्या बँडबाजात असतात तसेच. 1909 साली शिकागोच्या लुडविग बंधूंनी पायाने झटपट चालणारं पेडल काढलं आणि तिघांचं काम एकाच्या गळ्यात पडलं. मजुरी मात्र एकाचीच. आमच्या ऑर्केस्ट्राच्या मालकाला ही कल्पना फार आवडली असती.

त्या वाद्यावर रॉकचा ठेका बसवणाऱ्यांत न्यू ऑर्लीन्सचा अर्ल पामर पहिल्या रांगेतला. लहानपणी तो रंगमंचावर टॅप नाचायचा. लय आधी पायात आली, मग हातात. डिसेंबर 1949 मध्ये फॅट्स डॉमिनोचं 'द फॅट मॅन' ध्वनिमुद्रित झालं, तेव्हा ड्रमवर पामर होता. डिक्सीलँड जॅझमध्ये दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरची ठसठशीत थाप शेवटच्या आवर्तनासाठी राखून ठेवायची रीत होती. पामरने ती पहिल्यापासून लावून धरली. पुढे गायक लिटल रिचर्ड आला. तो उजव्या हाताने पियानोवर एका मात्रेत दोन असे सरळसोट ठोके हाणायचा. जॅझचा झुलता ठेका त्याच्याखाली बसेना, म्हणून पामरने त्यातला झोकाच काढून टाकला. म्हणजे जगभरची पोरं ज्यावर माना हलवतात तो ठेका एका गायकाच्या हाताला साथ करता करता घडला. 2000 साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने पामरला घेतलं तेही 'साइडमन' या विभागात. साइडमन म्हणजे साथीदारच. हे सांगितल्यावर तबलजी मित्राने चहा मागवला. हार मानायची त्याची हीच पद्धत.

वाद पेटतो तो रिंगो स्टारवरून. ऑगस्ट 1962 मध्ये तो बीटल्समध्ये आला. सप्टेंबरच्या 4 तारखेला 'लव्ह मी डू' त्याने वाजवलं. 11 तारखेला पुन्हा मुद्रण होतं, तर ड्रमवर अँडी व्हाइट नावाचा भाडोत्री वादक बसवलेला आणि रिंगोच्या हातात खंजिरी. तो अपमान मला कळतो, मीही एकदा ऐन कार्यक्रमात हातात मराकस घेऊन उभा राहिलोय. गंमत अशी, की पहिल्यांदा बाजारात आलेल्या सिंगलवर रिंगोचंच वादन होतं आणि अल्बमवर व्हाइटचं. रिंगो डावखुरा, पण सेट उजव्यांच्या पद्धतीने मांडलेला. त्यामुळे त्याचे रोल, म्हणजे ठेक्याच्या मधले झपाट्याचे तुकडे, जिथून निघतील असं वाटतं तिथून निघतच नाहीत. उजव्या हाताच्या माणसाने ते उचलायला जावं तर हात एकमेकांत अडकतात. मी महिनाभर प्रयत्न करून सोडून दिलं.

लेड झेपेलिनच्या जॉन बोनमबद्दल कोणी वाद घालत नाही, पण घालायला हवा. 1971 च्या अल्बममधलं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' हॅम्पशरमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या वास्तूत मुद्रित झालं. तिथे एके काळी गरिबांना ठेवत आणि राबवून घेत. तिच्या प्रवेशदालनात, जिन्याच्या तळाशी ड्रम मांडले. ध्वनिमुद्रक अँडी जॉन्सने ड्रमजवळ माइक न लावता दोन माइक जिन्यावरून वर टांगले. तो प्रचंड, खोल आवाज तिथला. मग मोठा कोण, बोनम की जिना? मला विचाराल तर बोनमच, पण जोरासाठी नव्हे. त्या गाण्यात तो किती थोडं वाजवतो आणि प्रत्येक ठोका किती मागे रेलून टाकतो, ते ऐका. जिन्यात घुमायला ठोक्या-ठोक्यांमध्ये जागा लागते, ती त्याने सोडली.

त्याच अल्बममधल्या 'फोर स्टिक्स'मध्ये बोनमने प्रत्येक हातात दोन-दोन काठ्या धरल्या, नाव त्यावरूनच पडलं. 1972 साली झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, तेव्हा इथल्या वादकांबरोबर त्यांनी हे गाणं पुन्हा मुद्रित केलं. ते 2015 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात बोनम नाही.

साथीवरून ड्रमर ओळखायचा हा माझा नियम एकाच ठिकाणी अडखळतो. द हू या बँडचा कीथ मून साथ वगैरे करत नसे. गायक ओळ म्हणतोय आणि हा मागे स्वतःचंच गाणं वाजवतोय. ठेका धरायचं काम त्याच बँडमधल्या टाउनशेंडची गिटार करायची. 1978 मध्ये मून गेला. त्याच्या जागी आलेला केनी जोन्स नेटका, वेळेचा पक्का वादक. तरी द हू पुन्हा तशी वाजली नाही. इथे मी वाद हरतो आणि चहाचे पैसे देतो.

रोलिंग स्टोन्सच्या चार्ली वॉट्सने मला पुन्हा सावरलं. मन जॅझमध्ये, नोकरी रॉकमध्ये. स्नेअरवर थाप पडायची तेव्हा त्याचा उजवा हात हाय-हॅटच्या झांजांवरून उचललेला असायचा, म्हणून ती थाप एकटी, मोकळी ऐकू येते. 1963 पासून 2021 मध्ये जाईपर्यंत त्याने तीच जागा सांभाळली.

आणि रिंगो? बीटल्सच्या अल्बमांवर त्याचा ड्रम सोलो एकच आहे, 1969 च्या 'अॅबी रोड'मधल्या 'दि एंड'मध्ये. तोही त्याला वाजवायचा नव्हता, इतरांनी गळ घातली. जेमतेम पंधरा सेकंदांचा आहे.