डेल्को : ठिणगी वाटणारे यंत्र आणि धाराशिव जिल्ह्यातील मोटार-वाहतूक

जुन्या पेट्रोल-मोटारींची दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांच्या बोलीत ‘डेल्को’ हा शब्द सर्रास आढळतो. एंजिनाच्या कडेला बसविलेल्या, काळ्या टोपीच्या आणि टोपीतून जाड तारा बाहेर पडणाऱ्या एका लहानशा भागाचे हे नाव होय. ग्रंथांतून त्यालाच वितरक अथवा डिस्ट्रिब्यूटर म्हणतात. गाडी कोणत्याही देशाची असो आणि तिच्यातील वितरक कोणत्याही कारखान्याचा असो, गाडीखान्यात तो ‘डेल्को’च असतो. अमेरिकेतील एका कंपनीच्या नावाची आद्याक्षरे अशा रीतीने सामान्यनाम होऊन आपल्या बोलीत का स्थिरावली, हा प्रश्न वरवर भाषाशास्त्राचा वाटतो. तथापि त्याचे उत्तर शोधू लागल्यावर आपण वाहतुकीच्या इतिहासात येऊन पोहोचतो. ज्या जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी एकविसावे शतक उजाडेपर्यंत आगगाडी आली नव्हती, त्या धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम या भागाचे कार्य समजून घेतले पाहिजे. पेट्रोल-एंजिनात इंधनाची वाफ व हवा यांचे मिश्रण दट्ट्याने दाबले जाते आणि योग्य क्षणी ठिणगी पाडून पेटविले जाते. चार सिलिंडरांच्या चतुर्घाती एंजिनात भुजादंडाच्या दोन फेऱ्यांमध्ये प्रत्येक सिलिंडरात एकदा, म्हणजे एकूण चार वेळा, ठिणगी पडावी लागते. एंजिन मिनिटाला २४०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर मिनिटाला ४८०० आणि सेकंदाला ८० ठिणग्या लागतात. आणि त्यांतील प्रत्येक ठरलेल्या सिलिंडरात, ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या वेळी पडावी लागते. वितरकाचा दंड भुजादंडाच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्यावरील उंचवटे दोन लहान स्पर्शबिंदू उघडतात व मिटतात. बिंदू मिटलेले असताना बॅटरीचा प्रवाह कॉइलच्या जाड वेटोळ्यातून वाहतो. ते उघडताच हा प्रवाह एकदम तुटतो आणि बारीक वेटोळ्यात काही हजार व्होल्टांचा दाब निर्माण होतो. बिंदूंच्या जोडीला बसविलेला कंडेन्सर तेथे ठिणगी उडू देत नाही व बिंदूंची झीज कमी करतो. हा उच्च दाब टोपीच्या मध्यभागी येतो. तेथून फिरता रोटर तो क्रमाने एकेका तारेस देतो आणि तारेवाटे तो स्पार्क प्लगपर्यंत पोहोचतो. सारांश, ठिणगी केव्हा पडावी आणि ती कोणाला मिळावी हे दोन्ही निर्णय एकाच दंडावर घेतले जातात.

ही व्यवस्था सुरुवातीपासून नव्हती. लेन्वार याच्या १८६० च्या गॅस-एंजिनात आणि कार्ल बेंझ याच्या १८८६ च्या तीनचाकीत कंप पावणाऱ्या कॉइलने ठिणग्यांची मालिका पाडली जात असे. बेंझच्या गाडीत एकच सिलिंडर असल्याने वाटणीचा प्रश्नच नव्हता. रॉबर्ट बॉश याने १८८७ मध्ये स्थिर एंजिनासाठी मॅग्नेटो तयार केला व १८९७ मध्ये तो वाहनावर बसविला. १९०२ मध्ये त्याचा सहकारी गॉटलोब होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. बॅटरीवाचून स्वतःच वीज उत्पन्न करणारे हे यंत्र युरोपात इतके रूढ झाले की, १९१४ मध्ये महायुद्ध सुरू होताच ब्रिटनला जर्मन मॅग्नेटोंवरील आपले परावलंबन एकाएकी जाणवले आणि हा धंदा घाईने देशात उभारावा लागला. एका सुट्या भागावाचून सबंध वाहतूक कशी अडते, याचे हे ठळक उदाहरण होय.

अमेरिकेत १९०८ मध्ये आलेल्या फोर्डच्या टी मॉडेलने वेगळा मार्ग घेतला. त्यात चार सिलिंडरांसाठी लाकडी पेट्यांत बसविलेल्या चार स्वतंत्र कॉइली होत्या. एंजिनाच्या पुढील बाजूचा टायमर कमी दाबाचा प्रवाह पाळीपाळीने एकेका कॉइलीला देई. म्हणजे येथे वाटणी होती, पण ती ठिणगी निर्माण होण्यापूर्वीची. परिणामी कंप पावणारे बिंदू चार जागी होते आणि चारही एकसारखे जुळवावे लागत. १९२७ पर्यंत दीड कोटी गाड्या या पद्धतीवर धावल्या, यावरून ती अगदीच गैरसोयीची होती असे म्हणता येणार नाही. परंतु त्याच सुमारास चार्ल्स केटरिंग याने डेटन येथे एकच कॉइल, एकच बिंदूंची जोडी आणि उच्च दाबाची वाटणी या तत्त्वावर बॅटरी-ज्वलनाची पद्धत विकसित केली. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या त्याच्या ‘डेटन एंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी’ची आद्याक्षरे म्हणजेच ‘डेल्को’. कॅडिलॅक कंपनीने १९१० च्या मॉडेलवर ही पद्धत स्वीकारली. १९१२ मध्ये विजेचा स्टार्टर व डायनॅमो आल्यावर बॅटरी चालत्या गाडीतच भारित होऊ लागली आणि या पद्धतीचा मुख्य दोष नाहीसा झाला. खुद्द फोर्डनेही १९२७ अखेरच्या ए मॉडेलमध्ये वितरक स्वीकारला.

या बदलाची ऐतिहासिक किंमत केवळ एंजिनाच्या कार्यक्षमतेत मोजून चालणार नाही. वितरकामुळे ज्वलनातील बहुतेक बिघाड एकाच टोपीखाली एकत्र आले. दोन पकडी सोडवून टोपी उचलली की बिंदू, कंडेन्सर व रोटर एका दृष्टिक्षेपात दिसतात. बिंदू काळे पडले असल्यास ते बारीक कानशीने घासता येतात. त्यांतील फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असावी लागते व ती पातळ पट्टीने मोजता येते. पावसाळ्यात टोपीच्या आतून ओल धरली किंवा ओढा ओलांडताना पाणी उडाले, तर वीज भलत्याच वाटेने जाते आणि एंजिन बंद पडते. अशा वेळी कोरडे फडके हाच उपाय असतो. कारखान्यापासून दूर, रस्त्याच्या कडेला, मोजक्या हत्यारांनिशी करता येण्याजोगी ही दुरुस्ती होती. मोटार शहराबाहेर टिकण्यासाठी चांगल्या रस्त्याइतकीच याही गोष्टीची गरज होती.

धाराशिव जिल्ह्याच्या भूगोलाकडे पाहिले की हे विधान अधिक स्पष्ट होते. मुंबईहून मद्रासकडे जाणारा लोहमार्ग सोलापूर-वाडीवरून जिल्ह्याच्या दक्षिणेबाहेरून जातो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप याने बांधलेली अडीच फुटी रुंदीची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये बार्शीपर्यंत आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचली. पण ती येडशीवरून गेली, जिल्ह्याचे मुख्य ठिकाण तिच्या वाटेवर नव्हते. रुंदीकरणानंतर नव्या मार्गाने आगगाडी शहराला लागली ती २००७-०८ च्या सुमारास. तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा, परंडा, भूम या गावांचा बाहेरच्या जगाशी संबंध त्यामुळे प्रामुख्याने रस्त्यानेच राहिला. बालाघाटच्या रांगांतील चढउतार, उन्हाळ्यातील धूळ आणि पावसाळ्यातील ओढेनाले ही त्या रस्त्यांची लक्षणे होत.

त्या काळी हा जिल्हा निजामी हैदराबाद राज्यात होता. राज्याने १९३० मध्ये रेल्वे आपल्या मालकीची केली आणि १९३२ च्या जून महिन्यात त्याच रेल्वेच्या अधिपत्याखाली रस्ता-वाहतूक खाते उघडले. आरंभी त्याच्याजवळ २७ मोटारी व १६६ नोकर होते. रेल्वे आणि रस्ता एकाच व्यवस्थापनाखाली आणण्याचा हिंदुस्थानातील हा एक आरंभीचा प्रयोग म्हणून त्याचा उल्लेख होतो. परंतु सरकारी खात्याच्या अहवालांतून दिसते ती वाहतुकीची एकच बाजू. सोलापूरच्या बाजारपेठेशी चालणारी मालवाहतूक, तुळजापूरच्या यात्रेकरूंची ने-आण आणि खाजगी मालकांच्या लॉऱ्या यांचा इतिहास दप्तरांपेक्षा गाडीखान्यांत अधिक घडला.

‘डेल्को’ हे नाव या गाडीखान्यांत कोणत्या वाटेने आले असावे, याविषयी साधार अनुमान करता येते. डेल्को कंपनी पुढे जनरल मोटर्समध्ये विलीन झाली आणि जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे गाड्या जुळविण्याचा कारखाना सुरू केला. त्या समूहाच्या गाड्यांवरील विद्युत्साहित्यावर डेल्को-रेमी ही मुद्रा असे. अमेरिकन गाड्या व लॉऱ्या मुंबईहून दख्खनमध्ये पसरल्या तेव्हा त्यांच्याबरोबर हे नावही पसरले, असे मानण्यास प्रत्यवाय नाही. भाषेतील पुरावा या अनुमानास पुष्टी देतो. बॉशचा मॅग्नेटो अगोदर आला असूनही त्याचे गुणवाचक नावच राहिले. वितरकाला मात्र कंपनीचे नाव चिकटले. लॉरीसोबत येणारा, वारंवार उघडावा लागणारा आणि वारंवार बदलावा लागणारा जो भाग, त्याचे नाव डब्यावरून वाचून घेतले गेले. ज्या वस्तूला हात अधिक वेळा लागतो, तिला बोली लवकर नाव देते.

सुट्या भागांची वाट मात्र सरळ नव्हती. सोलापूर ब्रिटिश मुलखात आणि नळदुर्ग निजामी मुलखात; दोहोंच्या मध्ये करोडगिरीचे, म्हणजे निजामी जकातीचे, नाके होते. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे नियंत्रण आले आणि देशभर कोळशाच्या गॅसवर मोटारी चालविल्या जाऊ लागल्या. हा गॅस पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, म्हणून ठिणगी अधिक अगोदर पाडावी लागते. वितरकाचे अंग किंचित फिरवून हा बदल करता येतो. इंधन बदलले तरी जुनेच एंजिन चालू ठेवणे ज्या समायोजनामुळे शक्य झाले, त्यांत वितरकाचे हे फिरविणे महत्त्वाचे होते. पुढे १९४८ मध्ये भारत सरकार व निजाम यांचे संबंध ताणले गेले. आर्थिक नाकेबंदीची तक्रार हैदराबादने केली, तीत पेट्रोलच्या टंचाईचाही समावेश होता.

त्याच वर्षी हा रस्ता देशाच्या इतिहासात आला. १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सैन्याची मुख्य तुकडी सोलापूरकडून निघाली. नळदुर्गजवळचा बोरी नदीवरील पूल शाबूत ताब्यात आला, सकाळी जळकोट गाठले गेले आणि दुपारपर्यंत आघाडीची पथके उमरग्यास पोहोचली. पाच दिवसांत संपलेल्या या मोहिमेचा वेग यांत्रिक वाहनांचा वेग होता. ज्या रस्त्यावरून पूर्वी एखादी लॉरी खोळंबत जाई, त्याच रस्त्यावरून एका दिवसात साठ किलोमीटरांवर मजल मारली गेली. राजकीय इतिहास या घटनेचे श्रेय योजनेस व शौर्यास देतो आणि ते योग्यच आहे. तथापि वाहने सुरू ठेवणाऱ्या यांत्रिकांचे स्थान या वर्णनांत क्वचितच आढळते.

स्वातंत्र्योत्तर काळात वितरकाचे क्षेत्र बदलले. एस. टी.च्या व मालवाहतुकीच्या गाड्या हळूहळू डिझेलवर गेल्या. डिझेल-एंजिनात दाबाच्या उष्णतेनेच इंधन पेटते. तेथे ठिणगी नाही आणि वितरकही नाही. पेट्रोलची जीप, अँबॅसडर आणि फियाट यांत मात्र तो राहिला. यांपैकी फियाट मुंबईत बनविणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद हे शेजारच्या सोलापूरचे. सुट्या भागांचे उत्पादनही देशात सुरू झाले : बंगळूर येथे १९५१ मध्ये मायको आणि मद्रास येथे १९६१ मध्ये लुकास-टीव्हीएस या कंपन्या स्थापन झाल्या. १९८३ च्या अखेरीस आलेल्या मारुती ८०० मध्येही वितरक होता आणि कारागिरांनी त्यालाही जुनेच नाव दिले. पुढे २००० पासून प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, संगणकनियंत्रित ज्वलन आले आणि नव्या गाड्यांतून वितरक नाहीसा झाला. आता ठिणगीची वेळ चिप ठरविते व प्रत्येक सिलिंडरास बहुधा स्वतंत्र कॉइल असते. चार कॉइलींच्या टी मॉडेलकडे जणू आपण परत गेलो आहोत. फरक एवढाच की, या वेळी टोपी उघडून पाहण्यासारखे काही उरलेले नाही.

येथे इतिहासाच्या अभ्यासकावर एक जबाबदारी येते. आवाज ऐकून ठिणगी मागेपुढे झाली हे ओळखणारे, ती वितरक बोटभर फिरवून सुधारणारे कारागीर आता वृद्ध झाले आहेत. त्यांचे ज्ञान उस्तादाकडून शिष्याकडे तोंडी गेले. ते कोणत्याही दप्तरात उतरले नाही. १९८२ मध्ये लातूर वेगळे झाले, २०२३ मध्ये जिल्ह्याचे अधिकृत नाव धाराशिव झाले, आणि या प्रत्येक बदलाची नोंद राजपत्रात सापडते. सोलापूर-नळदुर्ग रस्त्यावरील एखाद्या गाडीखान्यात शिष्याने पहिला ‘डेल्को’ कसा उघडला, याची नोंद मात्र कोणी ठेवलेली नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी तुळजापूर, उमरगा व परंडा येथील जुन्या गाडीखान्यांत जाऊन मुलाखती घ्याव्यात, हत्यारांची व भागांची स्थानिक नावे उच्चारासह टिपून ठेवावीत, जुनी बिले व खतावण्या पाहाव्यात. हे काम खर्चाचे नाही. पण त्याची मुदत थोडी आहे. दहा वर्षांनी हेच काम करू म्हटले, तर शब्द कदाचित सापडेल, पण त्याचा अर्थ हाताने दाखविणारा माणूस सापडणार नाही.