भूल आणि हैदराबादचा वाद

शस्त्रक्रियेपूर्वी रोग्यास जी ‘भूल’ देतात, तिचे इंग्रजी नाव ॲनेस्थेशिया. १८४६ साली बोस्टन येथे मॉर्टन या दंतवैद्याने ईथर हुंगवून रोग्याची वेदना घालविली, तेव्हा डॉ. ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी त्याला हे नाव सुचविले. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ ‘संवेदनेचा अभाव’. आपल्याकडे त्यासाठी ‘बधिरीकरण’ व ‘संज्ञाहरण’ हे शब्द आहेत. ते नेमके आहेत; परंतु लोकांच्या तोंडी बसली ती भूलच, आणि मला तोच शब्द अधिक खरा वाटतो. बधिर होतो तो एखादा अवयव. भुलीत माणूस स्वतःलाच विसरतो.

विसरलेला माणूस परत भानावर येईलच, याचा भरवसा काय? १८४७ साली एडिंबरोच्या सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म प्रचारात आणले, आणि पुढल्याच जानेवारीत इंग्लंडमध्ये पायाचे नख काढविण्यास आलेली पंधरा वर्षांची मुलगी त्याच्या अंमलाखाली दगावली. असे मृत्यू घडत राहिले. आधी थांबते ते हृदय की श्वास, यावर वैद्यांत तट पडले.

या वादाचा निवाडा करण्याचा मोठा प्रयत्न झाला तो हैदराबादेत. रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी हे श्वासाच्या पक्षाचे. १८८८ साली त्यांच्या पुढाकाराने नेमलेल्या मंडळाने त्यांच्याच बाजूने कौल दिला. लंडनच्या ‘लॅन्सेट’ पत्राला तो पटला नाही. तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊ केले, आणि १८८९ मध्ये त्या पत्रातर्फे लॉडर ब्रंटन येथे आले. शेकडो मुक्या जनावरांचे प्राण या प्रयोगांत गेले. साशंक होऊन आलेले ब्रंटनही लॉरींच्या मताचे झाले: नाडी नव्हे, श्वास पाहा! लॉरींच्याच शिष्या रूपाबाई फरदूनजी यांनी पुढे भूल देणे हाच आपला व्यवसाय केला. त्या काळच्या स्त्रीसाठी ही लहान गोष्ट नव्हे.

निवाडा मात्र अपुरा ठरला. १९११ साली लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांनी दाखविले की, क्लोरोफॉर्मची भूल उथळ असताना हृदय एकाएकी थरथरून बंद पडू शकते. भूल जास्त झाल्याने मृत्यू येतो, अशी सर्वांची समजूत. येथे तर ती कमी पडल्याने घात होत होता. क्लोरोफॉर्म आता शस्त्रक्रियागृहातून गेले आहे. रोग्याच्या उशाशी बसलेला भूलतज्ज्ञ श्वासही पाहतो आणि हृदयही.