लोणारचं कोडं दीडशे वर्षं का अडलं?

मंडळी, लोणारचं सरोवर उल्केमुळे झालं हे आज आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं शाळकरी पोरगंही सांगतं. पण १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली आणि उल्केचा भक्कम पुरावा छापून आला थेट १९७३ मध्ये. मधल्या काळात हुशार माणसांची काही कमी नव्हती. मग अडलं कुठं?

अडलं डोक्यात. आपल्याकडे जिथं खणाल तिथं काळा दगड, आणि तो लाव्ह्याचा. म्हणजे खड्डाही ज्वालामुखीचाच, असं बहुतेक जण धरून चालले. दख्खनचा लाव्हा कोट्यवधी वर्षं जुना आणि विवराचा काठ मात्र अजून शाबूत, हे विचित्रच होतं. तरी उत्तर बदललं नाही, त्याला फक्त ठिगळं लागली. कुणी म्हणे नंतर वाफेचा स्फोट झाला, कुणी म्हणे जमीन खचली. वर आभाळाकडे कुणी बघेना.

मानसशास्त्रात या सवयीवर एक गाजलेला प्रयोग आहे. १९४२ मध्ये अब्राहम लुचिन्स यांनी लोकांना तीन भांड्यांनी ठरावीक पाणी मोजायची गणितं दिली. सुरुवातीची गणितं एकाच लांबलचक रीतीने सुटणारी होती. मग दोनच भांड्यांत सुटणारं सोपं गणित दिलं, तर बहुतेकांनी तीच जुनी रीत वापरली. सोपी वाट समोर होती, पण दिसली नाही.

सगळ्यात गंमत गिल्बर्टची. हा अमेरिकेतला मोठा भूवैज्ञानिक. १८९६ मध्ये त्याने 'गृहीतकं कशी सुचतात' याच विषयावर निबंध लिहिला. उदाहरण घेतलं ॲरिझोनाच्या विवराचं आणि त्याच्यासारखं म्हणून आपल्या लोणारचं नावही घेतलं. उल्केची शक्यता त्याने प्रामाणिकपणे तपासली. जमिनीखाली लोखंडाचा प्रचंड गोळा असेल तर चुंबकीय सुई हलायला हवी, ती हलली नाही. म्हणून त्याने वाफेचा स्फोट ठरवला. पण एवढ्या वेगाने आदळलेली उल्का अख्खी उरतच नाही, तिचा बराचसा भाग वितळून आणि वाफ होऊन जातो. तपासणी चोख होती, पण गोळा शाबूत असणार हे धरलेलं चुकीचं होतं. विचार कसा करावा यावर लिहिणाराच फसला!

पुढे १९६० मध्ये ॲरिझोनाचा प्रश्न सुटला आणि मग नजर लोणारकडे वळली. फ्रेडरिकसन, दुबे, मिल्टन, बालसुंदरम या मंडळींनी सरोवरात खोल छिद्रं पाडून मिळालेला दगड तपासला. त्यात मास्केलिनाइट मिळालं. ही प्रचंड आघाताने होणारी काच आहे, ज्वालामुखीत असा दाब तयारच होत नाही.

काही जण म्हणतात, लवणासुराच्या कथेत आपल्या पूर्वजांनी हे सगळं आधीच सांगून ठेवलंय. मला नाही पटत. कथा गोड आहे, दैत्यसूदनाचं मंदिर तर देखणंच. पण कथा तपासून बघता येत नाही, काच येते.

बरं, कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही. विवराचं वय एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षं निघतं आणि आर्गॉन वायू मोजणाऱ्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार. दहा पटींचा फरक! आपल्या कानावर बहुतेक वेळा पहिलाच आकडा येतो. तेव्हा लोणारला येणाऱ्या सहलींना माहिती सांगणाऱ्या भावांनो, गुरुजींनो, दोन्ही आकडे सांगा. एखादं पोरगं विचारेल, 'मग खरा कोणता?' विचारू द्या.