ठेवणीतला पोशाख: वसई-विरारच्या नोकरदारांचे कपडे

वसई-विरारच्या नोकरदाराने काय घालावे हे दीडशे वर्षे तीन गोष्टींनी ठरवले: मुंबईच्या कचेरीतला रिवाज, आगगाडीचा प्रवास आणि महिन्याचा पगार. कामाच्या ठिकाणच्या जेवणाला, म्हणजे साहेबांनी दिलेल्या मेजवानीला, निवृत्तीच्या समारंभाला किंवा वार्षिक स्नेहभोजनाला जाताना तर या तिन्ही गोष्टींचा मेळ घालावा लागतो. आजच्या निमंत्रणांत त्यासाठी 'स्मार्ट कॅज्युअल' असा शब्द येतो. सूट-टायचा थाट नको आणि टी-शर्ट-चपलांचा ढिलेपणाही नको, असा हा मधला पोशाख आहे.

रेल्वे येण्याआधी या भागात पोशाखावरून माणसाची जात, धर्म आणि गाव ओळखू येई. 1534 पासून 1739 पर्यंत वसईवर पोर्तुगीजांचा अंमल होता. गोव्यात 1736 मध्ये इन्क्विझिशनने स्थानिक ख्रिस्त्यांच्या धोतर-चोळीवर बंदी घातली. त्यानंतर तीन वर्षांत, मे 1739 मध्ये, चिमाजी अप्पांच्या मराठा फौजेने वसईचा किल्ला घेतला आणि इथली पोर्तुगीज सत्ता संपली. वसईच्या खेड्यांतल्या ख्रिस्ती समाजाने धर्म ख्रिस्ती ठेवला, पण लुगडे आणि धोतर सोडले नाही. सामवेदी ख्रिस्ती, म्हणजे कुपारी, बायकांचे लाल लुगडे आणि पुरुषांची लाल टोपी ही त्या समाजाची खूण राहिली. वाडवळ, भंडारी, आगरी आणि कोळी यांच्या नेसण्याच्या रीती वेगळ्या होत्या. रोजचे कपडे अंगावर झिजत, तर चांगला एकच जोड ट्रंकेत घडी घालून ठेवलेला असे. लग्न, सण आणि जत्रा यांसाठी तो निघे. 'ठेवणीतले कपडे' ते हेच.

1864 साली बीबीसीआय या रेल्वे कंपनीचा मार्ग मुंबईपर्यंत पोचला आणि 12 एप्रिल 1867 रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत रोजची एक गाडी सुरू झाली. या गाडीने केळी, पाने, फुले आणि भाजी मुंबईला जाऊ लागली, आणि पुढे त्याच रुळांवरून कारकूनही जाऊ लागले. मुंबईच्या कचेऱ्यांत हिंदू कारकुनाचा मान्य पोशाख धोतर, लांब कोट आणि पगडी असा होता. विसाव्या शतकात पगडीची जागा काळ्या टोपीने घेतली. मुंबई-साष्टी-वसईच्या ख्रिस्त्यांपैकी इंग्रजी शिकलेल्यांनी पँट, कोट आणि हॅट स्वीकारली. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव 1887 मध्ये झाला. त्या साली या समाजाने 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले, त्यामागे सरकारी आणि कंपन्यांच्या नोकऱ्यांत गोवेकरांहून आपली वेगळी ओळख असावी हाही हेतू होता. वसईच्या एकाच घरात आई लुगड्यात आणि मुलगा कोट-पँटमध्ये, असे दृश्य त्या काळात दिसू लागले.

कमी पगारात कोट सोयीचा ठरला. बंद गळ्याच्या कोटाखाली सदरा विरलेला असला तरी दिसत नसे. कोट दोन-चार वर्षे टिके, धोतर घरी धुऊन, नीळ-खळ करून पांढरेशुभ्र ठेवता येई. त्यामुळे कचेरीत आणि साहेबाच्या घरच्या चहापानाला एकच कोट चाले. समारंभासाठी वेगळा खर्च पडत नसे.

दुसऱ्या महायुद्धात हा हिशेब बिघडला. कापडाच्या किमती भडकल्या, म्हणून 1943 मध्ये सरकारने कापड आणि सुतावर नियंत्रण आणले आणि स्वस्त 'स्टँडर्ड' कापड ठरावीक दुकानांतून विकायला सुरुवात केली. धोतर आणि कोट दोन्हींना कापड जास्त लागते. अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि पँट यांना थोडे कापड पुरते. विरारपर्यंत विजेच्या गाड्या 1936 पासून धावत होत्या आणि गर्दी वाढत होती. चढता-उतरताना धोतराचा सोगा सांभाळणे अवघड होऊ लागले होते. स्वातंत्र्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत तरुण नोकरदारांनी धोतर जवळपास सोडले. पँटबाहेर सोडायचा 'मॅनिला' किंवा बुशशर्ट ऑफिसात चालू लागला. कोट-टायहून हलका आणि घरच्या कपड्यांहून नीटस असा हा पोशाख आजच्या स्मार्ट कॅज्युअलचा पूर्वज म्हणायला हरकत नाही.

या काळात पोशाखाचा खरा कर्ता गावातला शिंपी होता. कापड वारावर आणि 1960 नंतर मीटरवर घ्यायचे, मग माप द्यायचे, अशी पद्धत होती. 58 इंच पन्ह्याच्या कापडात शर्टाला सुमारे 1.6 मीटर आणि पँटला 1.2 मीटर पुरे. दुकानातल्या ताग्यातून पूर्ण कापड घेण्यापेक्षा गिरण्यांचे उरलेले तुकडे, म्हणजे 'कटपीस', बरेच स्वस्त पडत. शिंपी पँटच्या मागच्या शिवणीत आणि मोहरीच्या दुमडीत भरपूर माया ठेवी. पोट सुटले किंवा पँट धाकट्या भावाकडे गेली तर शिवण उसवून ती पुन्हा बेतता येई. शर्टाची कॉलर मानेच्या घामाने आणि घासण्याने सर्वांत आधी विरते. तेव्हा शिंपी कॉलर सोडवून, उलटी करून पुन्हा बसवी. झिजलेली बाजू खाली जाई आणि कोरी बाजू वर येई. चार-सहा आण्यांच्या या कामात जुना शर्ट पुन्हा समारंभाच्या लायक होई.

साठच्या दशकात ठाण्यात पॉलिएस्टर तंतू तयार होऊ लागला आणि टेरिलीन, टेरिकॉट बाजारात आले. सुती शर्ट चर्चगेटला पोचेपर्यंत चोळामोळा होई, टेरिकॉटची इस्त्री मात्र साठ किलोमीटरच्या प्रवासानंतरही मोडत नसे. ते रात्री धुतले की सकाळी वाळे आणि वर्षानुवर्षे फाटत नसे. उकाड्यात ते अंगाला चिकटे, पण खर्चापुढे तो त्रास सोसला गेला. 1965 च्या कायद्याने बोनस हा कामगाराचा हक्क ठरला आणि दिवाळीच्या बोनसमधून एक शर्टपीस, एक पँटपीस हा अनेक घरांचा ठरलेला खर्च झाला. सत्तरच्या दशकात सफारी आली. एकाच कापडाचे शर्ट-पँट, टायची गरज नाही, आणि लग्न, मुलाखत, साहेबाची मेजवानी या तिन्ही ठिकाणी चालणारी. ज्याला एकच चांगला जोड परवडत होता, त्याच्यासाठी ती सोयीची होती.

बायकांच्या पोशाखात बदल उशिरा, पण अधिक वेगाने झाला. नऊवारीकडून पाचवारी साडीकडे शिकलेल्या बायका स्वातंत्र्याच्या आगेमागे वळल्या. टेलिफोन, बँका, शाळा आणि सरकारी कचेऱ्यांत नोकरी करणाऱ्यांना पुढे नायलॉन आणि छापील सिंथेटिक साड्या सोयीच्या वाटल्या; त्या चुरगळत नसत आणि वाळायला वेळ लागत नसे. समारंभाला रेशमी साडी लागे, ती बहुधा लग्नातली असे. ऐंशीच्या दशकानंतर पंजाबी ड्रेस ऑफिसात शिरला, कारण गर्दीच्या डब्यात निऱ्या सांभाळण्यापेक्षा ओढणीला पिन लावणे सोपे होते. पश्चिम रेल्वेवर 1992 मध्ये लेडीज स्पेशल सुरू झाली. बायकांच्या डब्यात कानातली, पिना, ओढण्या आणि कुर्त्या विकणाऱ्या फेरीवाल्या ही रोजच्या प्रवाशांची फिरती बाजारपेठच झाली.

18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि कापडाच्या धंद्याचे जुने गणित कायमचे बदलले. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, कापड यंत्रमागांवर आणि शिवणकाम लहान कारखान्यांत गेले. उल्हासनगर जीन्ससाठी गाजले. वसई पूर्वेला गोखिवरे, सातिवली, वालीव भागातल्या औद्योगिक वसाहतींतही तयार कपड्यांचे गाळे उभे राहिले. 1990 मध्ये सिडकोकडे या भागाच्या नियोजनाचे काम आले, इमारती वाढल्या आणि मुंबईत घर न परवडणारा नोकरदार वर्ग वसई, नालासोपारा, विरारला राहायला आला. 2009 मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली. 2011 च्या जनगणनेत तिची लोकसंख्या 12 लाखांवर होती. या वर्गाची खरेदी फॅशन स्ट्रीट, दादरचे हिंदमाता आणि घराजवळच्या स्टेशन रोडवर विभागली गेली. तयार शर्ट शिलाईच्या खर्चापेक्षा स्वस्त झाला आणि शिंप्याकडे मुख्यतः अल्टरचे काम उरले.

नवा पेहराव कंपन्यांबरोबर आला. हवाई बेटांवर साठच्या दशकात शुक्रवारी रंगीत शर्ट घालून कामावर येण्याची मुभा मिळू लागली. तो रिवाज अमेरिकेच्या मुख्य भूमीवर पसरला आणि 1991 नंतरच्या उदारीकरणात संगणक कंपन्यांबरोबर मुंबईत पोचला. जीन्स, बिनटायचा शर्ट आणि ब्लेझर हे साहेबच घालू लागले. आधीचे नियम कडक होते, पण स्पष्ट होते. आता नियम सैल झाले आणि अंदाज चुकण्याची भीती वाढली.

जुन्या पद्धतीत एक पूर्ण जोड समारंभासाठी बाजूला ठेवायचा असे, नव्या पद्धतीत रोजच्या कपड्यांची जुळणी बदलायची असते. गडद निळी किंवा राखाडी कॉटन पँट, फिका साधा शर्ट, पट्ट्याशी जुळणारे पॉलिश केलेले बूट एवढ्यात पुरुषाचे काम भागते. बाईला साधा सुती किंवा सिल्क-कॉटन कुर्ता आणि सरळ पँट, किंवा हलकी साडी पुरते. 2025 च्या सप्टेंबरपासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या कपड्यावर 5 टक्के आणि त्यावरच्या किमतीला 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे महाग ब्रँडच्या हट्टात करही वाढतो. ब्लेझर लागलाच तर भावाचा किंवा मित्राचा उसना घ्यावा आणि बाह्या बेतून घ्याव्यात. लोकलमध्ये शर्ट चुरगळणार असेल तर तो बॅगेत घडी घालून न्यावा आणि पोचल्यावर बदलावा. कपडा महाग असण्यापेक्षा तो अंगावर नीट बसणे महत्त्वाचे, हे कॉलर उलटवणाऱ्या शिंप्याच्या काळात जितके खरे होते तितकेच आजही आहे. म्हणून बजेट थोडेच असेल, तर नव्या शर्टाआधी अल्टरवर खर्च करावा.