ध्वनिदिशेचे आकलन आणि मेंदूसदृश इलेक्ट्रॉनिकी : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
श्रवणयंत्र वापरणाऱ्या व्यक्तीला आवाज ऐकू येतो. परंतु तो कोठून आला हे पुष्कळदा उमगत नाही. वर्दळीच्या रस्त्यावर ही उणीव जिवावर बेतू शकते. ध्वनीची दिशा ओळखणारी मेंदूसदृश मंडले कशी घडत गेली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

सिद्धांताची जडणघडण :
१९०७ मध्ये लॉर्ड रॅले यांनी मांडले की, कमी वारंवारतेच्या ध्वनीची दिशा दोन कानांतील कालभेदावरून, तर उच्च वारंवारतेच्या ध्वनीची दिशा तीव्रताभेदावरून कळते. माणसाच्या बाबतीत हा कालभेद सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. तो मेंदू कसा मोजतो, याचे प्रारूप लॉइड जेफ्रेस यांनी १९४८ मध्ये दिले. कमी-अधिक लांबीच्या तंतूंतून दोन्ही कानांचे संदेश ज्या पेशीवर एकाच क्षणी पोहोचतात, ती पेशी दिशा दर्शवते, असे त्याचे सूत्र होते. गव्हाणी घुबडाच्या मेंदूत अशी रचना असल्याचे कॅथरीन कार व मासाकाझू कोनिशी यांनी १९८८ ते १९९० या काळात दाखवून दिले.

सिलिकॉनमधील प्रतिकृती :
अमेरिकेतील कॅल्टेक संस्थेत रिचर्ड लायन व कार्व्हर मीड यांनी १९८८ मध्ये कर्णशंखाची इलेक्ट्रॉनिक प्रतिकृती सादर केली. १९८९ मध्ये जॉन लाझारो व मीड यांनी घुबडाचा दिशाज्ञानाचा श्रवणमार्गच चिपवर उतरविला. अत्यल्प विद्युतप्रवाहावर चालणारे ट्रान्झिस्टर हे या मंडलांचे वैशिष्ट्य होय. इवल्या बॅटरीवर चालणाऱ्या श्रवणयंत्राच्या दृष्टीने ते विशेष महत्त्वाचे ठरते.

प्रारूपाची मर्यादा :
२००१ मध्ये डेव्हिड मॅकअल्पाइन व सहकाऱ्यांनी गिनीपिगवरील संशोधनातून जेफ्रेस यांच्या प्रारूपाला आव्हान दिले. सस्तन प्राण्यांत मेंदूच्या दोन बाजूंच्या एकूण प्रतिसादांची तुलना होऊन दिशा ठरत असावी, असे त्यातून सूचित झाले. दुसरी अडचण श्रवणयंत्रातच होती. दोन कानांतील यंत्रे आपापल्या परीने आवाज कमी-जास्त करीत असल्याने नैसर्गिक तीव्रताभेदच पुसट होत असे. २००४ मध्ये परस्परांशी बिनतारी जोडलेली यंत्रे बाजारात आल्यानंतर ही त्रुटी दूर करण्याचा मार्ग खुला झाला.

निष्कर्ष :
मेंदूचे अनुकरण करताना ते कोणत्या प्राण्याच्या मेंदूचे, हा प्रश्न टाळता येत नाही. चिपने घुबडाचा मेंदू गिरविला. श्रवणयंत्र मात्र माणसाच्या कानात बसते. म्हणून दिशा स्वतः शोधण्यापूर्वी, माणसाचा मेंदू ज्या खुणांवरून ती शोधतो त्या खुणा अबाधित राखणे, हे यंत्राचे पहिले कर्तव्य ठरते.